आधी पाण्याची वाट शोधा, मग रबराला हात लावा

पत्र : "आमच्याकडे १९९८ ची मारुती ८०० आहे, बाबांनी घेतलेली. आता मी चालवते. मनीषनगरला राहायला आल्यापासून गाडी उघड्यावर, कडुनिंबाखाली उभी असते. सावली सकाळची, दुपारभर ऊन. मागच्या पावसाळ्यात पुढे डाव्या बाजूला, पाय ठेवायच्या जागी पाणी साचायचं. परवाच्या अवकाळी पावसात पुन्हा तेच झालं आणि आता आत कुबट वास येतो. मागच्या डाव्या दाराचं रबर खालच्या बाजूला फाटलंय. समोरच्या काचेच्या रबराला वरच्या कोपऱ्यांत भेगा आहेत. ऑफिसला बुटीबोरीला जाताना सत्तरच्या वर गेलं की उजव्या दारातून शिट्टी वाजते. मेकॅनिक म्हणतो, 'ताई, पूर्ण सेट बदलून टाका, नाहीतर सध्या ग्रीस मारून देतो.' शेजारचे काका खोबरेल तेल लावा म्हणतात आणि भाऊ टायर पॉलिश. गाडी विकायची नाही, बाबांचा जीव आहे तिच्यात. काय करू?" – एक वाचक, मनीषनगर, नागपूर

ताई,

पूर्ण सेट बदलू नका. निदान आत्ता तरी नाही. आणि ग्रीस तर मुळीच मारू देऊ नका, ते का ते पुढे सांगतो.

तुमच्या पत्रात एक तक्रार दिसत असली तरी गोष्टी चार आहेत : पुढे डावीकडे पाणी, मागच्या दाराचं फाटलेलं रबर, काचेच्या रबराच्या भेगा आणि उजव्या दाराची शिट्टी. मागच्या दाराचं खालचं रबर फाटलं म्हणून पुढच्या सीटखाली पाणी साचत नाही. शिट्टी उजवीकडे वाजते आणि ओल डावीकडे येते. म्हणजे चारही दारांची रबरं नवी घातली आणि पाणी भलतीकडूनच येत असलं, तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पैसे जातील, पाणी राहील. शिवाय २७-२८ वर्षं टिकलेलं मूळ रबर अजून लवचिक असेल, तर आज बाजारात मिळणाऱ्या साध्या पट्टीपेक्षा तेच सरस आहे. ८०० चं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत बंद झालं. तिचे पार्ट अजून मिळतात, पण सुट्या रबराच्या दर्जात जमीनअस्मानाचा फरक असतो.

तेव्हा आधी पाणी कुठून येतं ते बघू.

पहिला प्रश्न अगदी सोपा आहे : पाऊस नसताना, एप्रिल-मे महिन्यात एसी लावून फिरल्यावर ती जागा ओली होते का? होत असेल तर ते पाणी पावसाचं नाहीच. एसीच्या आतल्या जाळीवर हवेतला ओलावा जमतो आणि एका छोट्या नळीतून गाडीखाली पडतो. ती नळी धुळीने तुंबली की तेच पाणी डॅशबोर्डखालून डावीकडच्या मॅटवर येतं. नळी साफ केली की काम संपलं. ओल चिकट असेल, किंचित गोडसर वास येत असेल, तर ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव आहे. त्याचा रबराशी संबंध नाही, सरळ मेकॅनिककडे न्या.

फक्त पावसातच ओलं होत असेल, आणि तुमच्या पत्रावरून तसंच दिसतं, तर माझा पहिला संशय त्या कडुनिंबावर आहे. समोरच्या काचेच्या खाली, वायपरच्या बुडाशी, जाळीदार पत्रा असतो. काचेवरून ओघळलेलं पाणी त्या जाळीतून आतल्या पन्हाळीत पडतं आणि बाजूच्या भोकांतून खाली निघून जातं. ब्लोअरला बाहेरची हवा याच पन्हाळीतून मिळते. कडुनिंबाची पानगळ फेब्रुवारी-मार्चमधली. त्या बारीक पानांचा आणि नंतरच्या फुलोऱ्याचा तिथे असा काही लगदा बसतो की पाणी निघायला वाट राहत नाही. पन्हाळ भरते आणि पाणी ब्लोअरच्या तोंडातून आत येतं. उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाड्यांत ब्लोअर बहुधा डावीकडेच असतो. तुमची ओली जागा कुठली आहे, बघा. बॉनेट उघडा, पानं हातानेच काढा, मग मगाने पाणी ओता आणि ते पुढच्या चाकांच्या मागे जमिनीवर पडतं का ते पाहा. पडत नसेल तर भोक तुंबलंय. खराट्याची जाड काडी हलक्या हाताने फिरवा. स्क्रू ड्रायव्हर घालू नका, रंग खरवडला की तिथूनच गंज सुरू होतो.

दुसरा संशय दारावर आहे, पण दाराच्या रबरावर नाही. दाराची काच जिथे खाली उतरते, तिथून पावसाचं थोडं पाणी दाराच्या पोटात जातंच. नव्या गाडीतही जातं. त्यासाठीच दाराच्या तळाशी दोन-तीन भोकं ठेवलेली असतात. आपल्याकडे उन्हाळाभर उडालेली धूळ त्या भोकांत बसते, पहिल्या पावसात तिचा चिखल होतो आणि दाराची टाकी होते. दार जोरात उघडबंद केल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज येतो का, ऐका. दाराच्या आतल्या पुठ्ठ्यामागे एक प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. दाराच्या पोटातलं पाणी प्रवाशाकडे येऊ नये म्हणून तो असतो. काचेचं हँडल किंवा स्पीकर बदलायला कोणीतरी तो पुठ्ठा काढतं, कागद फाडतं आणि परत लावायचा आळस करतं. इतक्या जुन्या गाडीत तो कागद शाबूत असेल यावर मी पैज लावणार नाही. जाड प्लॅस्टिक कापून, कडेने ब्यूटाइलची चिकट पट्टी लावून नवा कागद घालता येतो. खर्च नगण्य आहे. तुमच्या मेकॅनिकला हे काम किरकोळ वाटेल, पण करून घ्या.

हे दोन्ही ठीक असेल, तर नळी घ्या. जोडीला एक माणूस हवा : एक जण आत बॅटरी घेऊन, एक बाहेर. मॅट उचला, गालिचा जमेल तितका मागे सारा. पाणी हळू सोडा, प्रेशरने नको. वॉशिंग सेंटरच्या पंपाने चांगल्या रबराच्या आतही पाणी घुसतं आणि मग निदान चुकतं. सुरुवात खालून करा : आधी दाराचा तळ, मग बाजू, मग काचेचा खालचा काठ, शेवटी वरचे कोपरे. प्रत्येक जागी दोन-तीन मिनिटं थांबा. वरून सुरुवात केली तर सगळीकडून ओघळेल आणि नेमकं कुठून आलं ते कळणारच नाही. आतल्या माणसाला पहिला थेंब जिथे दिसतो तिथे पाणी शिरलंय असं समजू नका. पाणी पत्र्याच्या कडेने हातभर प्रवास करून खाली टपकतं. ओघळ मागे मागे शोधत जा.

पाण्याची नासाडी नको असेल तर आणखी एक युक्ती आहे. सगळ्या काचा बंद करा, ब्लोअर बाहेरची हवा घेण्यावर ठेवून पूर्ण वेगाने लावा आणि बाहेरून रबरांच्या कडेने साबणाचं पाणी ब्रशने फिरवा. जिथे फट आहे तिथे बुडबुडे येतील. तुमच्या उजव्या दाराच्या शिट्टीची जागाही यातच सापडू शकते.

आता काचेचं रबर. तुमच्या ८०० ची समोरची काच चिकटवलेली नाही, ती रबराच्या चौकटीत बसवलेली आहे. त्या रबराला दोन खाचा असतात, एकीत काच आणि दुसरीत गाडीचा पत्रा. वरच्या कोपऱ्यांत भेगा पडणं स्वाभाविक आहे, कारण तिथे रबर वळणावर ताणलेलं असतं आणि ताणलेल्या रबरालाच हवेतला ओझोन आधी चावतो. भेगा वरवरच्या, नखाने जाणवतील इतक्याच असतील आणि नळीच्या परीक्षेत तिथून पाणी येत नसेल, तर त्या तशाच राहू द्या. दिसायला वाईट दिसतात, एवढंच. पाणी येत असेल तर रबराचा ओठ प्लॅस्टिकच्या पट्टीने हलकेच उचलून आत न वाळणारा, मऊ राहणारा बेडिंग सीलंट भरतात. काच बसवणाऱ्यांकडे तो असतो.

पण इथे एक धोक्याची सूचना. बाथरूमचं सिलिकॉन भरून देणारे पुष्कळ आहेत. नळीतून काढताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते सिलिकॉन वाळताना अॅसेटिक अॅसिड सोडतं. पत्र्यावर रंग उडालेला असेल तर तिथे गंजाला आमंत्रण मिळतं. वर पुढे कधी नीट काम करायचं म्हटलं, तर त्या सिलिकॉनवर दुसरं काही चिकटत नाही. एका कोपऱ्याच्या गळतीपायी सगळी चौकट खराब होते.

रबर कडक होऊन तुटत असेल तर मात्र बदला. काच काढून नवं रबर घालण्याचं काम घरी करू नका, चांगला ग्लास फिटर गाठा. तो रबर आधी काचेवर चढवेल, पत्र्याच्या खाचेत दोरी फिरवेल, साबणाचं पाणी लावेल आणि आतून दोरी ओढत ओढत रबराचा ओठ पत्र्यावर चढवेल. बघण्यासारखं काम असतं. तुमचं काम एवढंच, की काच निघाल्यावर पत्र्याची कड स्वतः डोळ्यांनी बघायची. तिथे गंजाचे पापुद्रे दिसले तर ते घासून, प्रायमर आणि रंग लावून, तो पूर्ण वाळल्यावरच नवं रबर बसवायचं. 'अभी लगा देते, चलता है' म्हणाला तर गाडी तिथेच ठेवून दुसऱ्या दिवशी या. गंजलेल्या कडेवर कितीही महाग रबर घातलं तरी पुढच्या पावसाळ्यात पाणी येणार.

दारांच्या रबरांची परीक्षा घरीच करता येते. वर्तमानपत्राची दोन बोटं रुंद पट्टी रबरावर ठेवून दार लावा आणि पट्टी ओढा. घट्ट, अडत अडत निघाली तर रबर दाब धरतंय. सुळकन निघाली तर तिथे दाब नाही. दाराच्या चारही बाजूंनी वीतभर अंतरावर हे करत जा. फ्रिजच्या दारावर करतात तसंच. दुसरा प्रकार खडूचा : रबरावर खडू घासा, दार लावून उघडा, समोरच्या पत्र्यावर रेघ कुठे तुटते ते पाहा.

रेघ तुटली म्हणजे रबरच गेलं असंही नाही. ड्रायव्हरचं दार इतक्या वर्षांत हजारो वेळा उघडलंय. बिजागरीची पिन झिजते आणि दार मागच्या बाजूने खाली लोंबतं. दार अर्धं उघडून मागची कड दोन्ही हातांनी वर उचला. खडखडलं तर आधी बिजागरी. ती ठीक असेल तर चौकटीवरची लॉकची खुंटी, जिला मेकॅनिक स्ट्रायकर म्हणतात, तिचे स्क्रू किंचित सैल करून ती कणभर आत सरकवता येते. त्याआधी पेन्सिलीने तिच्याभोवती खूण करून ठेवा, म्हणजे बिघडलं तर परत जागेवर आणता येईल. तुमची उजव्या दाराची शिट्टी मला तरी याच जातीची वाटते. खात्री करायची असेल तर रंगारी वापरतात ती कागदी मास्किंग टेप आणा. आधी दाराच्या पुढच्या फटीवर बाहेरून लावा आणि वर्धा रोडला चक्कर मारून या. शिट्टी तशीच असेल तर ती काढून वरच्या फटीवर लावा, मग आरशाच्या बुडाशी. ज्या टेपने आवाज थांबला ती जागा चोर. टेपला दिवसभर ऊन खाऊ देऊ नका, तिचा गोंद रंगाला धरून बसतो.

रबर खरोखरच चपटं होऊन बसलं असेल, म्हणजे दार उघडल्यावरही फुगून वर येत नसेल, तरी लगेच फेकू नका. ते काढता येत असेल तर काढून चांगल्या गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवा, मग हाताने चोळून गोल करा. काही रबरं बऱ्यापैकी उठतात. नाही उठलं तर त्या पोकळ नळीच्या आत दुसरी मऊ नळी सारायची. माशांच्या टाकीला हवा द्यायची सिलिकॉनची नळी अॅक्वेरियमच्या दुकानात मीटरवर मिळते. दुधट रंगाची, मऊ तीच घ्या, पारदर्शक कडक नळी नको. साबणाचं पाणी लावलं की सरकते. रबराच्या पोकळ भागाला मध्ये मध्ये बारीक भोकं दिसतील, ती फाटलेली नाहीत, मुद्दाम ठेवलेली आहेत. दार लावताना आतली हवा तिथून निघते. ती कोणी सीलंटने बुजवली की दार आपटल्याशिवाय लागत नाही, आणि मग घरात भांडण, की दार कोण आपटतं.

मागच्या दाराच्या फाटलेल्या जागेबद्दल. सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन आणि पॅच लावण्याचा मोह होईल. ते धरत नाही. टायर-ट्यूबचं रबर वेगळं आणि दारांच्या पट्ट्यांचं वेगळं. या पट्ट्या बहुधा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराच्या असतात. हे रबर १९६० च्या दशकात बाजारात आलं. ऊन, ओझोन आणि पाणी याला सोसतं म्हणून गाड्यांनी ते घेतलं. (अॅम्बेसेडर, पद्मिनी बाळगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की त्यांच्या जुन्या गाड्यांत वेगळ्या जातीचं रबरही असू शकतं, ते लवकर भेगाळतं.) ईपीडीएमला चिकटायला आवडत नाही, हा त्याचा एक दोष. त्यामुळे चीर साधी, सरळ असेल तर दोन्ही कडा बारीक पॉलिश पेपरने खरखरीत करा, स्पिरिटने पुसून वाळू द्या आणि फेविक्विकसारख्या झटपट गोंदाचा अगदी बारीक थर लावून दाबून धरा. जोड कडक होतो, म्हणून जिथे रबर दुमडतं तिथे तो टिकणार नाही, तळाच्या सपाट भागात चालतो. तुमचं तळातच फाटलंय, हे बरं. पट्टी पायाने रगडली जाऊन तुकडाच निघून गेला असेल, तर तेवढ्या भागात तशाच आकाराच्या जुन्या रबराचा तुकडा जोडा. भंगारात गेलेल्या ८०० चं रबर मिळालं आणि ते मऊ असलं तर सोनं समजा.

नवीन पट्टी बसवायची वेळ आलीच तर ती कधीही ताणून बसवू नका. दुकानदार कमी लांबीची देतो आणि फिटर ओढून पुरवतो. ओढलेली पट्टी महिन्या-दोन महिन्यांत आखडते, कोपरे सुटतात, आणि ताणलेल्या रबराला ओझोन आधी चावतो हे वर आलंच आहे. उलट पेराएवढी जास्त ठेवून दाबून बसवावी. जोड खाली, उंबऱ्याच्या मध्यावर घ्यावा. पट्टी विकत घेताना जुन्या पट्टीचा हातभर तुकडा सोबत न्या आणि तोंडाकडून आकार जुळवून पाहा. नुसतं '८०० चं दाराचं रबर द्या' म्हणू नका. दोन बोटांत चिमटा आणि सोडा, लगेच फुगून मूळ आकारात आली पाहिजे. दुमडून पाहा, वळणावर पांढरी रेघ उमटली आणि ती राहिली तर ते प्लॅस्टिक आहे, परत द्या. पत्र्यावर दाबून बसणाऱ्या पट्टीच्या आत स्टीलची पाठ असते, तिची पकड सैल असेल तर पक्कडीने हलकेच आवळता येते. हातोडी नको.

आता तुम्ही विचारलेला खरा प्रश्न, की लावायचं काय.

ग्रीस, व्हॅसलीन, इंजिन ऑइल, डिझेल, रॉकेल हे सगळं खनिज तेलाच्या कुळातलं. ईपीडीएमचं आणि या कुळाचं अजिबात पटत नाही. ग्रीस लावल्यावर रबर पहिल्या दिवशी मऊ, काळंभोर, नव्यासारखं दिसतं. मेकॅनिकला शाबासकी मिळते ती यामुळेच. प्रत्यक्षात रबर तेल पिऊन फुगलेलं असतं. हळूहळू ते भुसभुशीत होतं, आकार सोडतं, आणि वर नागपूरची धूळ त्या ग्रीसमध्ये बसून पॉलिश पेपरचं काम करते. बिजागरीला ग्रीस द्या, लॉकला द्या, रबराला नको. गंज सोडवायचे जे स्प्रे मिळतात तेही बहुतेक याच कुळातले.

काकांचं खोबरेल तेल ग्रीसइतकं वाईट नाही. पण ते हवेत खवट होतं, धूळ धरतं, मुंग्या येतात आणि थंडीत गोठून पांढरं दिसतं. काकांना दुखवू नका, ते तेल केसांना ठेवा. भावाच्या टायर पॉलिशमध्ये बरेचदा चकाकीसाठी सॉल्व्हंट असतं. ते उडून जाताना रबर आणखी कोरडं करतं. टायरची बाजू जाड असते, तिला चालून जातं. दाराच्या स्पंजासारख्या पट्टीला नाही.

मग काय? सिलिकॉन. शुद्ध सिलिकॉन तेल, सिलिकॉन ग्रीस किंवा सिलिकॉन स्प्रे, डब्यावर पेट्रोलियम लिहिलेलं नसलेला. ईपीडीएमला सिलिकॉन बाधत नाही, धुतलं तरी काही काळ टिकतं आणि उन्हात रबर पत्र्याला चिकटत नाही. स्प्रे रबरावर थेट मारू नका. कापडावर मारा, क्षणभर थांबा, मग पुसत जा. हात लावला तर बोटाला ओशट लागू नये इतपतच. समोरच्या काचेला लागलं तर पावसात वायपर फराटे ओढतो. आणि गाडीला कधी रंगकाम करायचं असेल तर डेंटिंग-पेंटिंगवाल्याला आधी सांगा, की या गाडीवर सिलिकॉन वापरलंय. पत्र्यावर त्याचा अंश राहिला तर नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात, आणि त्याला कारण सापडत नाही.

सिलिकॉन मिळालं नाही तर मेडिकल स्टोअरमधली ग्लिसरीन. एक भाग ग्लिसरीन, दोन भाग पाणी, कापडाने लावा, अर्ध्या तासाने जास्तीचं पुसून टाका. रबराला ती निर्धोक आहे. पावसात धुऊन जाते, म्हणून पुन्हा पुन्हा लावावी लागते आणि जास्त झाली तर धूळ धरते. काचेच्या सरकत्या खाचेत, जिथे मखमली अस्तर असतं, तिथे मात्र ग्लिसरीन नको. ती खाच आधी कोरड्या ब्रशने साफ करा आणि सिलिकॉन स्प्रेचा एकच हलका फवारा द्या. काच वर चढताना कुरकुरत असेल तर तेही थांबेल.

यातलं काहीही लावण्यापूर्वी रबर धुवायला हवं. कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विड साबणाचे दोन-चार थेंब, जुना दातांचा ब्रश. पट्टीच्या घडीत बोट घालून बघा, काय निघतं ते. बोटाला काळं लागत असेल तर घाबरू नका. रबरात काजळी घातलेली असते, तीच त्याला उन्हापासून वाचवते. वरचा मेलेला थर निघतोय, एवढाच त्याचा अर्थ. काळं लागणं थांबेपर्यंत पुसा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. ओल्या रबरावर लावलेलं सिलिकॉन वाया जातं.

हे सगळं कधी करायचं? लोक मृग लागला की रबराकडे बघतात. आपल्याकडे रबराचा जीव पाऊस घेत नाही, ऊन घेतं. रासायनिक झिजेचा एक ढोबळ नियम आहे, की तापमान १० अंशांनी वाढलं की झीज साधारण दुप्पट वेगाने होते. नागपुरात मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या आसपास असतो. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, उन्हात उभ्या गाडीच्या टपावर हात टेकवत नाही. त्या टपाला चिकटलेलं रबर काय सोसत असेल? त्यातली मऊपणा देणारी तेलं हळूहळू बाहेर निघून जातात, रबर दाबाखाली चपटं राहायला शिकतं, आणि जूनमध्ये पहिल्या सरीला आपल्याला कळतं. म्हणून धुणं-पुसणं होळीच्या सुमारास करा आणि पुन्हा एकदा दिवाळीनंतर, पावसाळ्याचा चिखल काढून. वर्षातून दोनदा पुरे. दर रविवारी चोळत बसायची गरज नाही.

सावली मिळाली तर उत्तम. कडुनिंबाची सावली मला चालते, पण ती घेतली तर वायपरखालची पानं दर आठवड्याला काढण्याचं कामही घ्यावं लागेल. कव्हर घालत असाल तर हवा खेळणारं, आतून मऊ असलेलं घ्या आणि गाडी धुळीने माखलेली असताना चढवू नका. ओल्या गाडीवर तर नकोच, आतला कुबट वास दुप्पट होईल. बाबा वापरत होते तेव्हा दारं रोज उघडत असतील. आता मागची दारं आठवडेच्या आठवडे बंदच राहत असतील, तर मधून मधून चारही दारं आणि डिक्की उघडून ठेवा. सतत दाबलेल्या रबराला तेवढाच श्वास.

कामाचा क्रम सांगतो, म्हणजे मेकॅनिकशी बोलायला सोपं जाईल. आधी पन्हाळ आणि दाराची भोकं. मग दारातला प्लॅस्टिकचा कागद. मग नळीने परीक्षा. त्यातून काचेचं रबर दोषी निघालं तरच ग्लास फिटर. मागच्या दाराची चीर तुम्ही घरी जोडा, उजव्या दाराचा स्ट्रायकर त्याच्याकडून. नव्या रबराची वेळ आलीच तर बहुधा एका काचेचं नाहीतर एका दाराचं लागेल, सगळ्या सेटचं नाही.

आणि गालिचा आजच काढा. वरून कोरडा लागला तरी खालचा नमदा पाणी धरून असतो, कुबट वास त्याचाच. गालिचा आणि नमदा गच्चीवर टाका, मार्चचं ऊन दोन-तीन दिवसांत दोन्ही खडखडीत वाळवेल. तोवर उघड्या पडलेल्या तळाच्या पत्र्यावर बॅटरी मारून, बोटाने दाबत दाबत बघून घ्या. तांबूस डाग असेल तर घासून गंजरोधक प्रायमर आणि रंग पुरे आहे. बोटाखाली पत्रा लवला किंवा कुरकुरला, तर रबर-बिबर बाजूला ठेवा आणि आधी पत्र्याच्या वेल्डिंगवाल्याला दाखवा. तुमची आरसी पाच-पाच वर्षांनी नूतन होतेय, पुढच्या पासिंगपर्यंत तळ धड राहायला हवा. नमदा परत घालण्यापूर्वी पुन्हा एकदा नळीने हळू पाणी सोडून खात्री करून घ्या. पत्र्याचा फोटो पाठवलात तर पुढच्या वेळी त्यावर लिहीन.